कोळसा होता, पाणी नव्हते: परळीचे संच २०१३ मध्ये का थांबले

फेब्रुवारी २०१३ मध्ये बीड जिल्ह्यातल्या परळी वैजनाथचे औष्णिक वीज केंद्र पूर्ण बंद झाले. तेव्हा तिथे २१० मेगावॉटचे तीन आणि २५० मेगावॉटचे दोन असे पाच संच होते, एकूण क्षमता १,१३० मेगावॉट. टर्बाइन मोडले नव्हते, बॉयलरची नळी फुटली नव्हती. केंद्राला पाणी यायचे ते गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्यातून, आणि तो बंधारा कोरडा पडला होता. मराठवाड्यात त्या वर्षी पडलेल्या दुष्काळाला लोक १९७२ नंतरचा सर्वांत वाईट दुष्काळ म्हणत होते. वरच्या धरणांत जे काही पाणी उरले होते ते पिण्यासाठी राखायचे होते.

मी डिप्लोमाच्या मुलांना औष्णिकी शिकवतो. त्या वर्षी वर्गात बीड, परभणी, लातूरकडची बरीच मुले होती. घरी टँकर येत होता आणि गावाजवळचे ‘थर्मल’ बंद पडले होते, त्यामुळे प्रश्न पुस्तकातले राहिले नव्हते. एका मुलाने विचारले, “सर, वीज कोळशापासून होते ना? मग पाणी नाही म्हणून संच कसा बंद पडतो? वाफ तर फिरून फिरून तीच वापरतात.” त्याच्या मागचा म्हणाला, “आणि ती वाफ थंड करून पाणी करायचे, मग तेच पाणी परत तापवायचे, हा उफराटा उद्योग कशासाठी? वाफच परत बॉयलरमध्ये ढकला की.”

हे दोन प्रश्न म्हणजे उष्णतागतिकीचा दुसरा नियमच आहे. पुस्तकात तो पिस्टनच्या आकृतीखाली दोन ओळींत येतो आणि परीक्षेपुरता पाठ होतो. परळीत तो सगळ्या गावाला दिसत होता. म्हणून त्या वर्षी फळ्यावर परळीचाच संच मांडला. पुढचे सगळे त्या मांडणीतून आलेले आहे. आकडे अशा संचांच्या नेहमीच्या रचनेवरून घेतले आहेत आणि हिशेब सोपा राहावा म्हणून गोल केले आहेत.

२१० मेगावॉटचा एक संच घेऊ. कोळसा जळून साधारण ६०० मेगावॉट उष्णता निघते. त्यातले ७५-८० मेगावॉट चिमणीतून जाणाऱ्या गरम वायूंबरोबर आणि इतर बारीकसारीक वाटांनी निघून जातात. उरलेले ५२० मेगावॉट पाण्यात आणि वाफेत शिरतात. वाफ सुमारे ५४० अंश सेल्सियसला, १३० ते १५० वातावरणदाबाला टर्बाइनमध्ये जाते, पाती फिरवते आणि दाब गमावत शेवटच्या टोकाला कंडेन्सरमध्ये, म्हणजे वाफ थंड करून तिचे पाणी करणाऱ्या भांड्यात, पडते. तिथला दाब वातावरणाच्या जेमतेम एक दशांश आणि तापमान ४५ अंशांच्या आसपास. वीज मिळते २१० मेगावॉट. म्हणजे वाफेला दिलेल्या ५२० पैकी ३०० मेगावॉटच्या वर उष्णता कंडेन्सरमध्ये सोडून द्यावी लागते. ‘विजेपेक्षा जास्त फेकून देतो?’ हा मुलांचा पहिला धक्का. साहजिकच सगळे म्हणतात, मशीन जुनाट असेल, निगा नीट नसेल.

आता दुसऱ्या मुलाचा प्रश्न. वाफ तशीच परत ढकलली तर?

टर्बाइनमधून बाहेर पडलेली एक किलो वाफ इतक्या कमी दाबाला १४-१५ घनमीटर जागा व्यापते. आपली एखादी छोटी खोली अर्धी भरेल. तिचेच पाणी केले तर ते एका लिटरच्या बाटलीत मावते. कोणतीही वस्तू दाबाविरुद्ध ढकलायला किती कष्ट पडतात हे तिच्या आकारमानावर ठरते. एक किलो पाणी १५० वातावरणदाबाच्या बॉयलरमध्ये ढकलायला पंपाला सुमारे १५ किलोज्यूल लागतात. टर्बाइनमधून शेवटपर्यंत येणारी तीच एक किलो वाफ येताना १,२०० ते १,४०० किलोज्यूल काम देऊन गेलेली असते. दिले बाराशे-चौदाशे, घेतले पंधरा, हा नफ्याचा व्यवहार. पण वाफ वाफ म्हणूनच परत दाबायची ठरवली, तर फुगताना तिने जितके काम दिले तितके सगळे, आणि वर यंत्रातल्या घर्षणाचे, दाबताना परत द्यावे लागते. चाक फिरेल, तारेत काही येणार नाही. वाफेचे पाणी करणे म्हणूनच नफ्याची अट आहे, आणि पाणी करायचे म्हणजे तिच्यातली सुप्त उष्णता कुणाला तरी द्यावीच लागते. ती घेणारा तापमानाने वाफेहून थंड असला पाहिजे.

इथपर्यंत मुले मान्य करतात. मग एखादा चिवट मुलगा म्हणतो, “वाफेचे हे झाले. दुसरा कुठला तरी पदार्थ, दुसरे कुठले तरी यंत्र असेल की ज्यात काहीच फेकावे लागणार नाही.” या प्रश्नाला उत्तर द्यायला १८२४ सालच्या पॅरिसला जावे लागते.

सादी कार्नो तेव्हा २८ वर्षांचा फ्रेंच लष्करी अभियंता होता. त्याचे वडील लाझार कार्नो यांनी यंत्रांच्या सिद्धान्तावर लिहिलेले होते. सादीने एक छोटेखानी पुस्तक स्वखर्चाने छापले आणि त्यात विचारले, आगीपासून मिळणाऱ्या कामाला काही वरची मर्यादा आहे का, आणि ती वाफेऐवजी दुसरे काही वापरल्याने बदलते का? त्याने दाखला दिला धबधब्याचा. पाणचक्कीतून मिळणारे काम पाणी किती आहे आणि ते किती उंचीवरून किती खाली पडते यावर ठरते. तसेच उष्णतेचे काम ती किती उष्ण जागेवरून किती थंड जागेवर येते यावर ठरते. मधले यंत्र कोणत्याही पदार्थाचे असो, दोन तापमानांनी घातलेली मर्यादा कुणी ओलांडू शकत नाही. उष्णता हा एक न संपणारा द्रव आहे ही त्या काळची समजूत त्याच्या मांडणीत होती आणि ती पुढे चुकीची ठरली; मर्यादा मात्र टिकली. १८३२ मध्ये कॉलऱ्याच्या साथीत तो ३६ व्या वर्षी गेला. त्याचे म्हणणे क्लापेरॉनने उचलले, आणि १८५०-५१ मध्ये क्लॉसियस आणि केल्विन यांनी ते आजच्या रूपात, म्हणजे उष्णतागतिकीचा दुसरा नियम म्हणून, मांडले. उष्णता आपणहून थंडाकडून उष्णाकडे जात नाही. आणि एकाच तापमानाच्या साठ्यातून उष्णता घेऊन तिचे सगळ्याचे सगळे काम करणारे, दुसरीकडे काहीही न सोडणारे, चक्राकार चालणारे यंत्र होऊ शकत नाही.

कार्नोचा धबधबा आपल्याला पोफळीला दिसतो. कोयनेचे पाणी सह्याद्रीच्या अंगातून कोकणात उतरते आणि उतरताना वीज देते. समजा कोकणही घाटमाथ्याइतक्याच उंचीवर असते, तर कोयनेच्या शिवसागर जलाशयात कितीही पाणी साठवून टर्बाइन फिरले नसते. पाण्याला खाली जागा हवी. परळीच्या बॉयलरमध्ये ५४० अंशांची वाफ म्हणजे भरलेले शिवसागर. कंडेन्सर हे तिचे कोकण. फेब्रुवारी २०१३ मध्ये वरचे धरण भरलेले होते आणि खालचे कोकण नाहीसे झाले होते. मला या प्रकरणाचे याहून नेमके वर्णन सापडलेले नाही.

दाखल्यात एक फट आहे, ती सांगायला हवी. धबधब्यात वरून जितके पाणी निघते तितकेच खाली पोचते. उष्णतेत तसे नाही: ५२० मधले २१० वीज होऊन वाटेतच निघून जातात. मग न संपता खाली पोचते ते काय? क्लॉसियसने १८६५ मध्ये त्याला एन्ट्रॉपी हे नाव दिले. हिशेबाला ती फार सोपी आहे: उष्णता भागिले निरपेक्ष तापमान (ते केल्विनमध्ये मोजतात: सेल्सियसचे अंश अधिक २७३). एन्ट्रॉपीची खतावणी लिहिताना एकच नियम पाळायचा. संचात जितकी आली तितकी तरी बाहेर गेलीच पाहिजे. वाटेत वाढू शकते, घटू शकत नाही. विजेबरोबर एन्ट्रॉपी जात नाही. तिला बाहेर पडायला फक्त उष्णतेचा रस्ता आहे.

परळीच्या संचाची खतावणी लिहू. वाफ शेवटी ५४० अंशांना पोचत असली तरी बहुतेक उष्णता तिने त्याहून कमी तापमानाला घेतलेली असते. १५० वातावरणदाबाला पाणी ३४२ अंशांनाच उकळते. सरासरी धरली तर ती ३४०-३४५ अंश, म्हणजे सुमारे ६१५ केल्विन येते. ५२० भागिले ६१५ म्हणजे ०.८४५. इतकी एन्ट्रॉपी दर सेकंदाला जमेला आली. खर्चाची बाजू कंडेन्सर, ४५ अंश म्हणजे ३१८ केल्विन. ०.८४५ एन्ट्रॉपी ३१८ केल्विनला बाहेर न्यायची तर किमान ०.८४५ गुणिले ३१८, म्हणजे २६९ मेगावॉट उष्णता सोडलीच पाहिजे.

हा आकडा फळ्यावर आला की वर्ग शांत होतो. प्रत्यक्षात सोडतो किती? ३१०. म्हणजे टर्बाइनच्या पात्यांतले घर्षण, झडपांतला दाबनाश, जनित्राचे नुकसान, जुनाटपणा, निगेतली हयगय, सगळे धरून यंत्राच्या नावावर ४० च्या आसपास मेगावॉट. उरलेले २६९ जगातल्या सर्वोत्तम कारखान्यात बनवलेल्या, अजिबात घर्षण नसलेल्या संचालाही त्याच दोन तापमानांत सोडावेच लागले असते. अभियंता बदलून, कंत्राटदार बदलून, मंत्री बदलून त्यातला एक मेगावॉटही वाचणार नाही. परळीवरच्या चर्चेत ‘जुने संच, अकार्यक्षम संच’ हा सूर वारंवार लागे, आणि त्यात तथ्य होते. पण ते ४० मेगावॉटपुरते.

मग त्या फेकलेल्या ३०० मेगावॉटचेच काही करा, असा सल्ला हमखास येतो. पण ती उष्णता ४५ अंशांची आहे, आणि भोवतालची हवा ३५ ची. या दोन तापमानांत आदर्श यंत्रही शेकडा ३ च्या पलीकडे काम काढू शकत नाही. ऊर्जा भरपूर, पण पडायला उंचीच उरलेली नाही. युरोपातल्या थंड शहरांत अशा केंद्रांची उष्णता घरे उबदार ठेवायला नळाने नेतात. परळीत त्याचा उपयोग नाही.

आता पाण्याकडे येऊ. इथे पुष्कळ माणसांची गफलत होते, वर्तमानपत्रांचीही होते. परळीचे पाणी ‘वाफ करायला’ लागत नव्हते. वाफेचे पाणी अतिशुद्ध असते, ते बंद चक्रात फिरते आणि त्यात भर घालावी लागते ती थोडीशीच. मोठे पाणी वेगळे. कंडेन्सरच्या नळ्यांमधून सेकंदाला सात हजार लिटरच्या वर पाणी वाहते, वाफेची उष्णता घेऊन सुमारे १० अंशांनी तापते आणि कूलिंग टॉवरकडे जाते. तिथे ते वरून पावसासारखे पाडतात, खालून हवा वर येते, थोडे पाणी हवेत उडून जाते आणि उरलेले थंड होऊन परत कंडेन्सरकडे वळते.

हे म्हणजे मोठा माठ. माठाला पाझर फुटतो, वरचा ओलावा उडतो, उडताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातो. मे महिन्यात परळीत पारा ४२ वर असतो आणि तरी माठातले पाणी गार लागते, कारण हवा कोरडी आहे. ओले फडके गुंडाळलेला तापमापक अशा दिवशी २२ ते २४ अंश दाखवतो. कूलिंग टॉवर त्या ओल्या तापमानाच्या मागे धावतो: २३ च्या वर ५-६ अंशांवर पाणी थंड होते, कंडेन्सरमध्ये १० अंश चढते, नळीच्या भिंतीत आणखी ४-५ जातात, आणि वाफ ४५ च्या आत-बाहेर पाणी होते. मराठवाड्याच्या भाजणाऱ्या उन्हात केंद्राला महाबळेश्वरची थंडी मिळते ती कोरड्या हवेकडून. दुष्काळी हवा जितकी कोरडी, तितका हा माठ चांगला चालतो. जुलैच्या दमट हवेत उलट तो मंदावतो. थंडी पुरवणारी हवा आणि बंधारा आटवणारी हवा एकच आहे, हे मला या प्रकरणातले सर्वांत कठोर सत्य वाटते.

उडणाऱ्या पाण्याचा हिशेब: ३०० मेगावॉटपैकी सुमारे चार पंचमांश उष्णता बाष्पीभवनाने जाते, बाकीची हवा नुसती तापवून. एक किलो पाणी उडायला २.४ मेगाज्यूल. म्हणजे एका संचातून सेकंदाला १०० लिटर पाणी आकाशात. दर युनिट विजेमागे १.७ लिटर. घरात एक युनिट जळले की कुठेतरी पावणेदोन लिटर पाण्याची वाफ होते. थंडीतल्या सकाळी टॉवरवर जो पांढरा ढग दिसतो तो धूर नव्हे. ते खडक्याचे पाणी आहे.

पण केंद्राला लागणारे पाणी एवढ्यावर थांबत नाही. पाणी उडते, क्षार मागे राहतात, फिरते पाणी घट्ट होत जाते, म्हणून त्यातले काही सतत बाहेर सोडून ताजे भरावे लागते. कोळशाची राख पाण्यात कालवून राखेच्या तळ्याकडे वाहून नेतात, त्याला वेगळे पाणी. केंद्र सरकारने डिसेंबर २०१५ मध्ये कूलिंग टॉवर असलेल्या जुन्या केंद्रांना प्रति मेगावॉट-तास ३.५ घनमीटरची कमाल मर्यादा घातली, म्हणजे युनिटला साडेतीन लिटर. मर्यादा घालावी लागली यावरूनच त्याआधी बरीच केंद्रे किती वापरत असतील हे समजावे. आपण परळीला ३.५ वरच धरू. १,१३० मेगावॉट पूर्ण भाराने चालले तर दिवसाला सुमारे ९.५ कोटी लिटर.

ग्रामीण पाणीपुरवठ्याच्या तेव्हाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात माणशी दिवसाला ४० लिटरचे प्रमाण धरले जाई. त्या मापाने ९.५ कोटी लिटर पावणेचोवीस लाख माणसांना पुरतात. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या बीड जिल्ह्याची लोकसंख्या २५.८५ लाख आहे.

दुसरे माप. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणले तेव्हा देशभर बातम्या झाल्या. आधी १० वाघिणी, सुमारे ५ लाख लिटर. पुढे ५० वाघिणींची गाडी, २५ लाख लिटर. त्या पूर्ण भरलेल्या गाडीच्या पाण्यावर परळीचे केंद्र ३८ मिनिटे चालले असते. २०१३ मध्ये संच बंद करण्याचा निर्णय योग्य होता का, असे मुले विचारतात. हे दोन आकडे शेजारी ठेवल्यावर मला त्यात शंका उरत नाही. वीज दुसरीकडून तारेने आणता येते. पाणी आणायला गाडी लागते.

इथे थांबले तर निष्कर्ष असा निघेल की दुसऱ्या नियमाने परळीचा घास घेतला. तो निष्कर्ष मला मान्य नाही, आणि हे सगळे लिहायला बसण्याचे कारणही तेच. खतावणी पुन्हा पाहा. नियमाने काय मागितले? ३१८ केल्विनला २६९ मेगावॉट उष्णता घेणारे कुणीतरी. ‘पाणी’ हा शब्द त्यात कुठेही नाही. नियमाला थंड बाजू हवी असते. ती गोदावरीच्या पाण्याने पुरवायची हे आपण ठरवले.

थंड बाजू हवेचीही असू शकते. मोटारीच्या रेडिएटरसारख्या, पण प्रचंड पंखांच्या नळ्यांतून वाफ न्यायची आणि पंख्यांनी हवा फिरवायची. पाणी उडत नाही. दक्षिण आफ्रिकेच्या कोरड्या लिम्पोपो प्रांतात मतिंबा हे जवळजवळ ४,००० मेगावॉटचे केंद्र असेच चालते. किंमत मोजावी लागते, आणि ती किती हे कार्नोच सांगतो. सुक्या हवेत मे महिन्याच्या दुपारी ओल्या तापमापकाचे २३ अंश उपयोगाचे नाहीत, सुक्याचे ४२ धरावे लागतात; वाफ ४५ ऐवजी ६४ अंशांच्या आसपास पाणी होईल. खतावणीत ३१८ च्या जागी ३३७ लिहा: किमान सोडायची उष्णता २६९ वरून २८५ वर जाते, आदर्श यंत्राचे काम २५१ वरून २३५ वर येते. सहा-साडेसहा टक्के तूट. २१० मेगावॉटचा संच अशा दुपारी १३-१४ मेगावॉट कमी देईल, त्यातून पंख्यांना वीज जाईल, उभारणीचा खर्च वाढेल. हिवाळ्यात आणि रात्री तूट बरीच कमी.

ही तूट मोठी आहे का? वीज कंपनीच्या वार्षिक हिशेबात नक्कीच मोठी आहे. युनिटमागे जास्त कोळसा जळेल, जास्त धूर होईल, हेही खरे. पण पाण्याअभावी अख्खे केंद्र महिनोन्‌महिने बंद राहते तेव्हा तूट १०० टक्के असते. परळीचे संच उभे करताना, विशेषतः २००७ आणि २०१० मध्ये सुरू झालेले २५० मेगावॉटचे दोन, या दोन तुटी शेजारी शेजारी ठेवायला हव्या होत्या असे माझे स्पष्ट मत आहे. बीड जिल्ह्याचा पाऊस तेव्हाही सर्वांना ठाऊक होता. आपल्या देशात झारखंडमधल्या उत्तर करणपुरा इथे एनटीपीसीने हवेने थंड होणारे ६६० मेगावॉटचे संच बसवले आहेत. त्यातला पहिला २०२३ मध्ये व्यापारी तत्त्वावर सुरू झाला.

दुसरी वाट समुद्राची. तारापूर, डहाणू, ट्रॉम्बे इथल्या केंद्रांना समुद्र कधी आटणार नाही. कोळसा परळीला तसाही रेल्वेनेच येतो, जवळ खाण नाही. केंद्र मराठवाड्यात असावे यामागे मागास भागाला रोजगार मिळावा हा विचार होता आणि त्याला मी हसणार नाही. परळीच्या कित्येक घरांची चूल त्या चिमणीवर पेटली. तिसरी वाट शहराच्या सांडपाण्याची. कोराडीच्या केंद्राला नागपूरचे प्रक्रिया केलेले सांडपाणी मिळते. परळीला ते पुरणार नाही. गावाची वस्ती लाखाच्या आत-बाहेर, त्याचे सगळे सांडपाणी गोळा केले तरी कोटीभर लिटर, आणि गरज नऊपट.

चौथी गोष्ट परळीच्याच पंचक्रोशीत दिसते, आणि मुलांना ती सर्वांत जास्त पटते: साखर कारखाना. तिथेही बॉयलर, तिथेही टर्बाइन, चिपाडाचे इंधन. पण गाळप चालू असताना टर्बाइनमधून निघालेली बरीचशी वाफ थंड करून फेकत नाहीत. ती दीड-दोन वातावरणदाबाला, शंभराहून जास्त अंशांना बाहेर काढतात आणि उसाचा रस आटवायला लावतात. वाफ इतक्या वर सोडल्याने वीज कमी मिळते, कार्नो तिथेही दंड घेतोच. पण नियमाने मागितलेली थंड बाजू म्हणजे तिथे रसाची कढई. सोडलेली उष्णता हेच तिथले मुख्य काम. शिवाय उसात ७० टक्के पाणीच असते, ते आटवताना कारखान्याला मिळते. त्याच तालुक्यात, त्याच दुष्काळात, तोच दुसरा नियम, आणि पाण्याचा ताळेबंद निराळा. (ऊस पिकवायला किती पाणी लागते हा वेगळा आणि मोठा प्रश्न आहे. तो इथे दडवायचा नाही, पण तो शेताचा हिशेब आहे, टर्बाइनचा नाही.)

परळी पुन्हा थांबली. जुलै २०१५ मध्ये, ऐन पावसाळ्यात, पाण्याअभावी संच परत बंद झाले. मार्च २०१६ मध्ये पश्चिम बंगालच्या फरक्का इथले २,१०० मेगावॉटचे केंद्र, गंगेच्या काठी असून, थांबले. त्याला पाणी पुरवणाऱ्या कालव्याची पातळी खाली गेली होती. दोन्हीकडे थंड बाजू नदीवर टाकलेली, आणि नदीने कुणाशी करार केलेला नव्हता.

२०१६ मध्ये परळीत २५० मेगावॉटचा आणखी एक संच सुरू झाला. २१० मेगावॉटचे जुने तीन पुढे कायमचे निवृत्त झाले. राहिले २५० चे तीन, एकूण ७५०. त्यांची थंड बाजू कूलिंग टॉवरच आहे. नव्या मुलांना मी आता हाच हिशेब ७५० वर करायला लावतो: ३.५ च्या मर्यादेने दिवसाला ६.३ कोटी लिटर. मग त्यांना कोरा तक्ता देतो. पहिल्या रकान्यात महिना, दुसऱ्यात सुके तापमान, तिसऱ्यात ओले, चौथ्यात खडक्याला पाणी असेल की नाही. जूनपर्यंतचे चौथे रकाने कसे भरायचे हे बीडची मुले शेजारच्यांना समजावून सांगतात.